हिमाखाली गाडलेल्या माणसाचा शोध : एका यंत्राचा इतिहास व त्याच्या निवडीचा प्रश्न

नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी इतिहासाच्या विद्यार्थ्यास परिचित असते ती २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी तेथे झालेल्या लढाईमुळे. भूशास्त्राच्या अभ्यासकास तीच टेकडी निराळ्या कारणाने महत्त्वाची वाटते. दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकाचा थर येथे संपत येतो आणि त्याखालचे प्राचीन खडक दृष्टीस पडू लागतात. ही रचना विद्वानांच्या नजरेस आणून देण्याचे श्रेय बव्हंशी स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याकडे जाते. हिस्लॉप व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर व जीवाश्मांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. त्या हिस्लॉपचा अंत मात्र विलक्षण रीतीने झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून तो रात्री एकटाच बोरीच्या मुक्कामाकडे परतत होता. वाटेतील नाल्याला पाणी चढले होते. मुक्कामी परत आला तो स्वाराविना घोडा! त्यानंतर शोध सुरू झाला, आणि हाती लागले ते शव. त्याच्या दप्तरातील आदिम जमातींविषयीचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली संपादून प्रसिद्ध केले, हे मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांस विदित आहेच.

या घटनेचे स्मरण येथे करण्याचे कारण हिस्लॉपची विद्वत्ता हे नव्हे. कारण तो घोडा होय. मनुष्य संकटात सापडला असता त्याच्या साथीदारांपुढे दोन प्रश्न उभे राहतात : काही अनिष्ट घडले आहे काय, हा पहिला, आणि तो मनुष्य नेमका कोठे आहे, हा दुसरा. रिकाम्या खोगिराने पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे दिले. दुसऱ्याविषयी ते मूक राहिले. मानवाने शोधासाठी जी साधने निर्माण केली त्यांचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते, की पहिल्या प्रश्नाची साधने पुष्कळ आणि जुनी आहेत. दुसऱ्याची थोडी आणि अलीकडची. ज्या यंत्राचा विचार या लेखात करावयाचा आहे, ते केवळ दुसऱ्याच प्रश्नासाठी जन्मास आले. इंग्रजीत त्यास ट्रान्सीव्हर वा बीकन म्हणतात, आणि गिर्यारोहकांच्या मराठी बोलण्यातही हेच शब्द रूढ आहेत. हिमाच्छादित पर्वतांत आखीव मार्ग सोडून स्कीवर वा पायी हिंडणारा मनुष्य हे यंत्र छातीशी बांधतो. ते अखंड संकेत सोडीत असते. सोबत्यावर हिमस्खलन कोसळले, की वाचलेले लोक आपापली यंत्रे ग्राहक अवस्थेत आणून गाडल्या गेलेल्याचा संकेत शोधू लागतात.

नागपुरात बर्फ पडत नाही. तेव्हा हा विषय येथील वाचकांस दूरचा वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. २५ जानेवारी २०१७ रोजी काश्मीरच्या गुरेझ खोऱ्यात सेनेच्या जवानांवर हिमस्खलन कोसळले. मृतांत अकोला जिल्ह्यातील दोघे होते. त्याआधी एक वर्ष, ३ फेब्रुवारी २०१६ रोजी, सियाचीनवरील सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळून मद्रास रेजिमेंटच्या १९व्या पलटणीचे दहा जण गाडले गेले. त्यांत सातारा जिल्ह्यातील एक शिपाई होता. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे सेनेच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेच्या १७ जणांचा अशाच प्रपातात अंत झाला. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर कोसळलेल्या हिमाने २७ जणांचे प्राण घेतले व दोघांचा पत्ताच लागला नाही. महाराष्ट्रातील तरुण सैनिक म्हणून, गिर्यारोहणाचे विद्यार्थी म्हणून आणि अलीकडे स्कीचे हौशी म्हणूनही हिमालयात जातात. त्यांपैकी जो स्वतःच्या पैशाने साधन घेऊ पाहतो, त्याला बाजारात अनेक यंत्रे दिसतात आणि प्रत्येक यंत्राचा विक्रेता आपल्याच मालाची थोरवी गातो. या कोलाहलात इतिहास काही मार्ग दाखवितो काय, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

यंत्रापूर्वीची साधने अगदीच त्याज्य होती असे नाही. आल्प्समधील सेंट बर्नार्ड मठाचे कुत्रे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ख्याती पावले होते. त्यांपैकी बॅरी नावाच्या कुत्र्याची कीर्ती तर दंतकथेत जमा झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी बव्हेरियाच्या गिर्यारोहकांत एक साधी युक्ती प्रचारात आली : कमरेला तांबडी दोरी बांधून ती मागे सोडून द्यावयाची, मनुष्य गाडला गेला तरी दोरीचा एखादा भाग वर तरंगत राहील, ही अपेक्षा. ही अपेक्षा कधी सफळ होई, पुष्कळदा होत नसे. लांब सळया हिमात खुपसत ओळीने पुढे सरकण्याची पद्धतही होतीच. परंतु विस्तीर्ण राशीत ती तासन् तास चालते. हिमालयाच्या इतिहासात या साधनांची असहायता जितकी नंगा पर्वतावर दिसून आली, तितकी क्वचितच अन्यत्र दिसली असेल. जून १९३७ मध्ये तेथील चौथ्या तळावर रात्री हिमस्खलन होऊन सात जर्मन व नऊ शेर्पा तंबूंसकट गाडले गेले. काही दिवसांनी खालच्या तळावरून उलरिख लुफ्ट वर पोहोचला तेव्हा त्यास तळाच्या जागी केवळ गोठलेला ढीग दिसला. कोठे खणावे याची खूण उरली नव्हती.

आल्प्समध्ये १९५०-५१ च्या हिवाळ्यात हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक लोकांचा बळी घेतला. त्यानंतरच्या दोन दशकांत स्कीचा छंद वाढला आणि विद्युत्साधनांचा आकार आटला. या दोहोंच्या संगमातून यंत्राचा जन्म झाला असे म्हणण्यास हरकत नाही. अमेरिकेतील बफेलो येथील कॉर्नेल वैमानिकी प्रयोगशाळेत जॉन लॉटन यांनी १९६८ च्या सुमारास असे यंत्र सिद्ध केले आणि १९७१ पासून ते 'स्काडी' या नावाने विकले जाऊ लागले. स्काडी ही स्कँडिनेव्हियाच्या पुराणांतील हिमाची व शिकारीची देवता. लॉटन यांनी निवडलेली कंपनसंख्या २.२७५ किलोहर्ट्झ होती. या निवडीतील चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे : ही कंपनसंख्या मनुष्याच्या श्रवणमर्यादेत येते, म्हणून तारेच्या वेटोळ्यात निर्माण झालेला प्रवाह वर्धित करून तसाच इअरफोनकडे पाठविला, की टिकटिक ऐकू येई. रचना सोपी, म्हणून विश्वासार्ह. ऑस्ट्रियातील 'पीप्स' या आरंभीच्या यंत्रानेही हीच कंपनसंख्या स्वीकारली.

स्वित्झर्लंडने मात्र निराळी वाट धरली. तेथील ऑटोफोन या संस्थेने स्विस सेनेसाठी जे यंत्र तयार केले ते ४५७ किलोहर्ट्झवर चाले. त्यास 'बॅरीव्हॉक्स' हे नाव देण्यात आले. उपरिनिर्दिष्ट कुत्र्याचे नाव अशा रीतीने यंत्राच्या कपाळी आले! या उच्च कंपनसंख्येमुळे संकेत अधिक अंतरावरून पकडता येई. मात्र तो कानांस ऐकू यावा म्हणून त्याचे रूपांतर करणे भाग होते व यंत्राची रचना त्या मानाने गुंतागुंतीची होई. सीताबर्डीच्या बाजारात ज्यांनी ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त केले असतील त्यांना ४५७ हा आकडा अगदीच परका वाटणार नाही. साध्या मध्यमलहरी रेडिओत येणारा प्रत्येक संकेत प्रथम ४५५ किलोहर्ट्झवर आणला जातो आणि मग त्याचे वर्धन होते. १९४८ साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र ज्या ५८५ किलोहर्ट्झवर येथील घराघरांत ऐकले गेले, तीही याच शेजारची. तात्पर्य, स्विसांनी निवडलेली जागा रेडिओ-तंत्रज्ञांच्या रुळलेल्या वाटेवरच होती.

आता इतिहासातील खरा पेच उद्भवतो. दोन्ही यंत्रे आपापल्या परीने चांगली होती. परंतु ती परस्परांशी बोलू शकत नव्हती. २.२७५ किलोहर्ट्झचे यंत्र बांधलेला मनुष्य गाडला गेला आणि त्याच्या सोबत्यांजवळ ४५७ किलोहर्ट्झची यंत्रे असली, तर दोन्ही पक्षांजवळ उत्कृष्ट साधन असूनही परिणाम शून्य. या प्रसंगाची तुलना नागपूरकरांनी अनुभवलेल्या एका जुन्या अडचणीशी करता येते. नागपूरहून छत्तीसगडकडे १८८० नंतरच्या दशकात घातलेला लोहमार्ग मीटर मापाचा होता आणि मुंबईकडून येणारा रुंद मापाचा. दोहोंच्या संधीवर प्रत्येक पोते उतरवून पुन्हा चढवावे लागे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो मार्ग आपल्याकडे घेऊन १८८८ साली रुंद केला तेव्हा कोठे ही अडचण दूर झाली. मापांच्या भेदामुळे मालाला विलंब होई, खर्च वाढे. पण पोते अखेर पोहोचत असे. हिमाखालच्या माणसाच्या बाबतीत विलंब व विनाश यांत भेद उरत नाही.

संक्रमणकाळात काही कारखान्यांनी दोन्ही कंपनसंख्यांवर चालणारी यंत्रे काढली. ही तडजोड सोयीची असली तरी वीज अधिक खाणारी व रचनेने अवघड होती. अखेरीस १९८६ साली पर्वतीय बचावकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ४५७ किलोहर्ट्झ ही एकच कंपनसंख्या मान्य केली. अमेरिकेने ती स्वीकारण्यास आणखी काही वर्षे घेतली. आणि ज्या देशात हे यंत्र प्रथम सिद्ध झाले तेथीलच मूळ यंत्रे निकामी ठरली. पुढे युरोपीय दूरसंचार-मानक-संस्थेने या यंत्रांचे नियम बांधून दिले : कंपनसंख्येत ८० हर्ट्झपेक्षा अधिक फरक असू नये, संकेत साधारण दर सेकंदास एक या गतीने सुटावेत, इत्यादी. या विषयावरील लोकप्रिय लिखाणात १९९७ साली आलेल्या पहिल्या डिजिटल यंत्रास युगप्रवर्तक मानण्याची प्रथा आहे. ती ग्राह्य धरता येत नाही. डिजिटल यंत्राने शोधकाचे काम सुलभ केले हे खरे; परंतु गाडल्या गेलेल्या कोणाही माणसास कोणीही शोधू शकेल ही शक्यता निर्माण झाली ती १९८६ च्या निर्णयाने, आणि तो निर्णय यांत्रिक नसून सामाजिक होता. आजही जुन्या पेटीतून निघालेले, कंपनसंख्या न तपासलेले यंत्र कोणी स्वस्तात देऊ केल्यास ते नाकारावे, याचे कारण हेच.

यंत्राची कार्यपद्धती समजल्यावाचून निवडीचा विचार पांगळा राहील. म्हणून तिचा थोडक्यात परामर्श घेणे आवश्यक आहे. ४५७ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६५६ मीटर भरते. शोधक व गाडलेला मनुष्य यांतील अंतर फार तर ५०-६० मीटर. म्हणजे येथे दूरवर पसरणाऱ्या आकाशवाणीच्या लहरींचा संबंध नसून प्रेषकाच्या अगदी निकटच्या चुंबकीय क्षेत्राचा संबंध आहे. हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते : अंतर दुप्पट, तर क्षेत्र अष्टमांश. याचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा, की पल्ला थोडाही वाढविण्यासाठी यंत्राची संवेदनक्षमता अनेक पटींनी वाढवावी लागते. म्हणून जाहिरातीत ५० ऐवजी ७० मीटरचा आकडा दिसला तरी त्याची किंमत व त्याचा उपयोग यांचे प्रमाण विचारात घेतले पाहिजे. दुसरा असा, की चुंबकीय रेषा वक्र असतात. शोधक सरळ चालत न जाता वळसा घेत लक्ष्याकडे पोहोचतो. प्रथमच शोध करणारा या वळणाने गोंधळतो आणि आपले यंत्र बिघडले असे समजतो.

हिमाची आडकाठी मात्र या क्षेत्रास जवळजवळ होत नाही. ही गोष्ट मोठ्या भाग्याची म्हटली पाहिजे.

अनालॉग यंत्रांत शोधक आवाजाच्या चढउतारावरून दिशा ठरवी. कसलेला कान असला तर हे काम उत्तम साधे. परंतु भयाने हात कापत असता कान कसलेला राहतोच असे नाही. १९९७ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील एका संस्थेने 'ट्रॅकर' हे दोन अँटेना व सूक्ष्मसंगणक असलेले यंत्र बाजारात आणले. त्याने बाणाने दिशा व आकड्याने अंतर दाखविण्यास आरंभ केला. तरी एक दोष उरला. गाडलेल्या माणसाच्या यंत्रातील अँटेना उभी असली व तो खोल असला, तर दोन अँटेनांच्या यंत्राला पृष्ठभागावर एकाच ठिकाणी नव्हे तर दोन ठिकाणी संकेत प्रबळ भासे, आणि मनुष्य त्या दोहोंच्या मध्ये असे. चुकीच्या जागी खणण्यात गेलेली पाच मिनिटे परत मिळत नाहीत. २००३ च्या सुमारास तिसरी अँटेना आली आणि हा दोष बव्हंशी नाहीसा झाला. आज तीन अँटेनांहून कमी असलेले यंत्र नव्याने घेण्यास कोणतेही समर्थन उरलेले नाही. उलट, तीन अँटेनांचे कोणतेही मानकानुसारी यंत्र पुरेसे पुढारलेले आहे, असे म्हणणे प्राप्त होते. त्यापुढील सुधारणा उपयुक्त असतील. त्या निर्णायक नव्हेत.

निर्णायक आहे तो काळ. मार्कस फाल्क, हेरमान ब्रुगर व लिझेलोटे ॲडलर-कास्टनर यांनी १९९४ साली 'नेचर' या नियतकालिकात स्वित्झर्लंडमधील ४२२ प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पंधरा मिनिटांपर्यंत गाडलेल्यांपैकी ९२ टक्के जिवंत राहण्याचा संभव. पस्तिसाव्या मिनिटास तोच ३० टक्क्यांवर. मधल्या वीस मिनिटांत माणसे गुदमरून मरतात. त्याच देशाच्या १९८१ ते २०२० या काळातील नोंदींवर आधारलेला नवा अभ्यास २०२४ साली प्रकाशात आला. त्यानुसार ९० टक्क्यांहून अधिक आशेचा प्रारंभिक काळ आणखी आखूड, म्हणजे सुमारे दहा मिनिटांचाच आहे. मात्र सोबत्यांकडून सुटका होण्यास लागणारा मध्यम काळ पूर्वीच्या १५ मिनिटांवरून १० वर आला आहे आणि संघटित पथकांचा १५३ वरून ९० मिनिटांवर. या आकड्यांतून निष्पन्न होणारी गोष्ट कठोर आहे. हेलिकॉप्टरांनी सज्ज अशा स्वित्झर्लंडातही पथक दीड तासाने पोहोचते. मग हिमालयाची कथा काय वर्णावी? गाडल्या गेलेल्यास वाचवू शकतो तो त्याचा सोबतीच, आणि त्याच्या हाती दहा मिनिटे असतात. त्या दहा मिनिटांतही यंत्र फक्त जागा दाखविते. जागा निश्चित करण्यास घडीची सळई लागते व माणूस वर काढण्यास धातूचे फावडे. मीटरभर खोलीतून मनुष्य काढणे म्हणजे पुष्कळ हिम उपसणे होय, आणि बहुतेक काळ त्यातच जातो. महागडे यंत्र घेऊन फावड्यात काटकसर करणारा मनुष्य हिशेबाच्या चुकीच्या रकान्यात बचत करतो.

या दृष्टीने पाहता निवडीच्या कसोट्या आपोआप बदलतात. पल्ल्याचा आकडा मागे पडतो आणि कळ पुढे येते. हातमोजा घातलेल्या, थिजलेल्या बोटांनी यंत्र प्रेषकावस्थेतून ग्राहकावस्थेत क्षणात नेता येते काय? आणि उलटपक्षी, कोसळण्याच्या धक्क्याने ती कळ आपोआप सरकून यंत्र मुके तर होत नाही ना? ही शंका काल्पनिक नाही. एका नामांकित यंत्राच्या काही प्रकारांची कळ अशी सरकू शकते असे आढळल्यावरून २०२१ साली कारखानदारांस ती यंत्रे परत मागवून त्यांना संरक्षक कवच द्यावे लागले. शोधकावर दुसरे हिमस्खलन आल्यास यंत्र आपणहून पुन्हा संकेत सोडू लागते काय, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. विद्युत्घट कोणते चालतात हे कारखानदाराच्या पुस्तिकेत पाहिले पाहिजे. साधे अल्कलाइन घट शीतात मंदावतात, म्हणून यंत्र कपड्यांच्या आत अंगाच्या उबेस ठेवण्याची रीत पडली आहे. चलध्वनी, विजेने तापणारे मोजे व तत्सम उपकरणे चुंबकीय गोंगाट करतात. प्रेषण चालू असता ती किमान २० सेंटिमीटर, आणि शोध चालू असता किमान ५० सेंटिमीटर दूर असावीत, असा दंडक आहे. खिशातील चलध्वनी हा आजच्या तरुणाचा अविभाज्य अवयव झाला असल्याने हा दंडक पाळणे सर्वांत अवघड जाते.

एकाच वेळी अनेक जण गाडले गेल्यास काय, या प्रश्नाने गेल्या दोन दशकांत यंत्रकारांना फार व्यग्र केले. सापडलेल्या माणसाचा संकेत 'खूण करून' बाजूस सारावा व पुढच्याकडे वळावे, अशी सोय आता बहुतेक यंत्रांत आढळते. ती संकेतांच्या कालभेदावर अवलंबून असल्याने दोन संकेत एकमेकांवर पडल्यास काही काळ फसते. याहून विचार करण्यासारखा प्रयोग २००६-०७ च्या सुमारास झाला. बॅरीव्हॉक्सच्याच वंशातील 'पल्स' या यंत्राने ४५७ किलोहर्ट्झखेरीज एक दुसरी, फार उच्च कंपनसंख्येची वाट उघडली आणि तिच्यावरून गाडलेल्या माणसाच्या सूक्ष्म हालचालींची, म्हणजे तो जिवंत असल्याच्या लक्षणांची, वार्ता शोधकास मिळू लागली. प्रथम कोणास खणावे हे ठरविण्यास तिचा उपयोग व्हावा हा हेतू. पण ही वार्ता पाठवू शके ते त्याच जातीचे यंत्र. ज्याच्याजवळ साधे यंत्र आहे तो जिवंत असूनही या वार्तेत मुकाच राहणार. मग शोधकाने त्याला मागे ठेवावे काय? १९८६ साली ज्या विषमतेचा बंदोबस्त केला होता तीच विषमता सुधारणेच्या मागील दाराने पुन्हा आत आली. या प्रयोगावर तज्ज्ञांनी केलेली टीका रास्त होती असेच म्हणावे लागेल.

बाजारात आणखी दोन वस्तूंची यंत्राशी गल्लत होते. अनेक परदेशी जाकिटांत शिवलेली 'रेको' नावाची पट्टी ही त्यांपैकी एक. स्वीडनमध्ये १९७३ च्या एका दुर्घटनेनंतर मॅग्नस ग्रानहेड यांनी ही कल्पना विकसित केली. पट्टी स्वतः काही पाठवीत नाही, बचावपथकाजवळील शोधकाचा किरण परावर्तित करते. जवळ असे पथकच नसेल, तर पट्टी म्हणजे केवळ कापडावरचे चिन्ह. दुसरी वस्तू उपग्रहाद्वारे संदेश पाठविणारे यंत्र. ते हिस्लॉपच्या घोड्याचे काम फार उत्तम करते. काही घडले आहे ही वार्ता ते दूर पोहोचविते. परंतु तीन हात हिमाखाली मनुष्य कोठे आहे हे ते सोबत्यास सांगत नाही. शिवाय भारतात अशी उपकरणे शासनाच्या परवानगीवाचून बाळगणे अथवा वापरणे गुन्हा ठरतो, हे परदेशी पुस्तके वाचून सामान जमविणारास ठाऊक नसते.

यंत्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. कॅनडातील १९८४ ते २००५ या काळातील मृत्यूंच्या अभ्यासात सुमारे चतुर्थांश लोक आघाताने, म्हणजे खडकांवर व झाडांवर आपटून, मेल्याचे आढळले. त्यांना कोणतेही शोधयंत्र वाचवू शकले नसते. सियाचीनच्या २०१६ च्या दुर्घटनेत गाडलेले लोक २५ फुटांहून खोल, दगडासारख्या हिमखंडांखाली होते. तेथे भूवेधी रडार, हिमखंड फोडण्याची यंत्रे आणि कुत्रे उपयोगी पडले. सहाव्या दिवशी लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले व ११ फेब्रुवारी रोजी दिल्लीच्या रुग्णालयात निधन पावले. अशा प्रसंगांवरून हौशी स्कीकराने आपल्या साधनांचे अनुमान बांधणे चुकीचे. त्याच्या बाबतीत संभव असतो तो मीटर-दीड मीटर खोलीचा, आणि यंत्र त्यासाठीच आहे. धोका टाळण्याचे काम अर्थात् यंत्राचे नव्हे. ते पूर्वसूचनेचे. त्यासाठी भारतात १९६९ साली मनाली येथे हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. २०२० साली ती नव्या संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीन करण्यात आली. गुलमर्गला अफरवतच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीकर मृत्यू पावले. तिथपर्यंत गोंडोल्याने अल्पावधीत पोहोचता येते. चढण्याचे श्रम वाचले, की उताराकडे पाहण्याचा अवकाशही वाचतो, ही गोष्ट पूर्वसूचना वाचणाराने ध्यानात धरावी.

राहिला सरावाचा प्रश्न. नागपुरास हिम नाही म्हणून सराव करता येत नाही, ही समजूत मात्र निराधार आहे. ४५७ किलोहर्ट्झचे क्षेत्र हिमातून जसे जाते तसे कोरड्या पालापाचोळ्यातून व गवताच्या गंजीतूनही जाते. यंत्र पिशवीत घालून मोकळ्या मैदानात वाळलेल्या गवताखाली लपवावे आणि एकाने घड्याळ धरून दुसऱ्याने ते शोधावे. चुंबकीय रेषांचे वळण येथेही तेच, तिसऱ्या अँटेनेची कसोटीही तीच. सीताबर्डीच्या भर वस्तीत मात्र विजेच्या तारा, मेट्रो व हजारो चलध्वनी यांच्या गोंगाटात यंत्र भलताच आकडा दाखवील. त्यासाठी गावाबाहेर जावे लागेल. ज्या गटास एकत्र हिमालयात जावयाचे आहे त्याने शक्यतो एकाच जातीची यंत्रे घ्यावीत, म्हणजे एकाची कळ दुसऱ्याच्या बोटांस ओळखीची राहते. आणि निघण्याच्या दिवशी, पायथ्याशी, प्रत्येकाचे यंत्र खरोखर संकेत सोडीत आहे ना, हे एकाने थोड्या अंतरावर उभे राहून एकेकास पुढे जाऊ देत तपासावे. या तपासणीस दोन मिनिटे पुरतात.